कप अर्धाच भरा: हात थरथरायला लागलेल्यांसाठी

आमच्याकडे खान्देशात पाहुण्याला चहा बशीसकट देतात. हात थरथरणाऱ्याची पहिली परीक्षा तिथेच होते. कप बशीवर वाजायला लागतो, बैठकीतलं बोलणं थांबतं आणि कुणीतरी जवळचं माणूस विचारतं, "आप्पा, हात काब्रं कापस?" म्हणजे हात का कापतोय? माझ्या आईचा हात असाच वाजायचा. मला ते बेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं. मी अमळनेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत खिडकीवर बसायचो, म्हणजे दिवसभर लोकांच्या सह्या जुळवायच्या आणि स्वतःच्या सह्या ठोकायच्या. 'सही जुळत नाही' म्हणून लोकांचे कागद परत करणाऱ्या माणसाची स्वतःचीच सही जुळेनाशी झाली.

आता साठी उलटली. माझ्या आजाराचं नाव इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे काम करताना हात थरथरण्याचा आजार. मला सुरुवातीला कुणी सांगितल्या नव्हत्या त्या गोष्टी इथे क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही. गोळी आणि तिचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

पहिलं काम: हात नेमका कधी थरथरतो ते बघा

घाबरून गूगल उघडण्याआधी घरीच चार गोष्टी करून बघा, आणि शेजारी कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा.

खुर्चीत सैल बसा, हात मांडीवर उताणे टाका आणि शंभरातून सात-सात वजा करत मोठ्यानं आकडे म्हणा. डोकं हिशेबात गुंतलं की हात स्वतःचं खरं वागणं दाखवतो. मग दोन्ही हात समोर सरळ धरा. मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओता. शेवटी कागदावर मनगट न टेकवता आतून बाहेर जाणारी एक गोल-गोल जिलबी काढा, आधी उजव्या हातानं, मग डाव्या हातानं. खाली स्वतःचं नाव लिहा, तारीख टाका. हा कागद जपून ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मांडीवर निवांत पडलेला हात शांत राहतो, पण पेला उचलला, पेन धरलं, सुईत दोरा घालायला गेलं की थरथरतो, असं असेल तर इसेन्शियल ट्रेमरची शक्यता जास्त. तो बहुधा दोन्ही हातांत असतो, एका हातात थोडा अधिक. अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं होतं. काहींची मान 'नाही-नाही' किंवा 'हो-हो' म्हटल्यासारखी हलते, काहींचा आवाज कापतो.

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स, आणि त्याची चाल उलटी असते. हात रिकामा असताना थरथरतो, अंगठा आणि बोट यांत गोळी वळल्यासारखं दिसतं, आणि वस्तू उचलली की थरथर कमी होते. तो बहुधा एका बाजूनं सुरू होतो. अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलेनासा होतो, सगळ्या हालचाली मंदावतात, काहींना वास येईनासा होतो. पुष्कळ कंपवाताच्या रुग्णांना तर थरथर नसतेच.

हा फरक इतका लांबवून सांगायला कारण आहे. एका डॉक्टरांनी टेबलापलीकडून माझा हात दोन मिनिटं बघितला आणि कंपवात म्हणून मोकळे झाले. आठ महिने त्या गोळ्या खाल्ल्या. थरथर जशीच्या तशी, वर मळमळ. कंपवाताचं मुख्य औषध लेव्होडोपा, आणि इसेन्शियल ट्रेमरवर त्याचा उपयोग होत नाही. गावात कुणीतरी खाजकुहिलीच्या बियांचं चूर्णही आणून देईलच. त्या बियांमध्ये निसर्गतःच लेव्होडोपा असतं, म्हणून कंपवाताशी त्याचा संबंध आहे. आपल्याशी नाही.

नावातल्या 'इसेन्शियल'चा अर्थ इथे आवश्यक असा नाही. ज्याच्यामागे दुसरा आजार सापडत नाही असा कंप, एवढंच त्यातून सांगायचं असतं. २०१८ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार दोन्ही हातांतली थरथर किमान तीन वर्षं असावी आणि मेंदूच्या दुसऱ्या आजाराची लक्षणं नसावीत. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर "बघू या, सहा महिन्यांनी परत या" म्हणाले तर ते टाळताहेत असं समजू नका.

दुसरं काम: औषधांची पिशवी उलटी करा

घरात प्रत्येकाची गोळ्यांची पिशवी असते. ती पलंगावर ओता आणि प्रत्येक पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव कागदावर उतरवा, ब्रँडचं नको. दम्याचा पंप (साल्ब्युटामॉल), थिओफायलिन, फिट्सचं व्हॅलप्रोएट, लिथियम, नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि जास्त झालेली थायरॉइडची गोळी यांनी हात थरथरू शकतो.

आपल्याकडे एक गंमत वेगळीच आहे. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. त्यानं कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, ती गोळी थांबवल्यावर बहुतेकदा ओसरतात. चक्कर आणि अर्धशिशीसाठी देतात त्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनचंही तसंच. बाजारात अशाही कॅप्सूल आहेत ज्यांत थरथर कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल आणि थरथर आणू शकणारं फ्लुनारिझिन एकत्रच असतं. पट्टी वाचल्याशिवाय हे कळत नाही. मात्र स्वतःच्या मनानं काही बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. कापसावर किंवा केळीवर फवारणी करून आल्यावर त्याच दिवशी अंग थरथरायला लागलं, स्नायू फडफडले, दरदरून घाम आला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा आहे. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाच्या डब्यासकट थेट दवाखान्यात जा. तसंच अचानक एकाच बाजूचा हात लुळा पडला किंवा थरथरला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले तर तो पक्षाघात असू शकतो. त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आपला आजार असा एका दुपारीत येत नाही, तो वर्षानुवर्षं हळूहळू चढतो.

तिसरं: डॉक्टरांकडे

आधी एखादा चांगला एमडी फिजिशियन, मग न्यूरोलॉजिस्ट. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मेडिसिन विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. न्यूरोलॉजिस्ट कोणत्या वारी बसतात ते विचारूनच एसटीत बसा. नंदुरबार-नवापूरकडचे लोक सुरत गाठतात, रावेर-भुसावळकडच्यांना मुंबईची गाडी सोयीची.

सोबत न्यायचं काय? जिलबीचा कागद, व्हिडिओ, गोळ्यांची यादी, आणि घरात कुणाकुणाचा हात थरथरायचा याची माहिती. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या घराण्यात हा आजार आढळतो. "आज्याचा हात दारूनं हलायचा" असं घरात सांगत असतील तर तेही सांगा, कदाचित आज्याचा दारूशी काही संबंधही नसेल.

हा आजार दाखवून देईल अशी रक्ताची तपासणी नाही. तरी थायरॉइड, साखर, यकृत आणि मूत्रपिंड तपासतात, दुसरं काही नाही ना हे बघायला. चाळिशीच्या आतला माणूस असेल तर शरीरात तांबं साठण्याच्या विल्सन आजाराची तपासणी राहू देऊ नका, कारण त्यावर चांगले उपचार आहेत. एमआरआय प्रत्येकाला लागतोच असं नाही. आणि तुम्ही सराफ बाजारात कारागीर असाल, शिवणकाम करत असाल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. उपचार किती जोरात करायचा हे थरथर किती दिसते यापेक्षा तिनं तुमचं कोणतं काम अडतं यावर ठरतं. काहींना तर औषधाची गरजच नसते.

चौथं: गोळ्यांचा हिशेब

बहुतेक वेळा सुरुवात प्रोप्रॅनोलॉलनं होते. मूळची ही ब्लडप्रेशर आणि हृदयाची गोळी. लहान डोसनं सुरू करून हळूहळू वाढवतात, दिवसाला ६० ते ३२० मिलिग्रॅमच्या दरम्यान बहुतेकांचं काम भागतं. दमा असेल, नाडी मुळातच मंद असेल, तर ही चालत नाही, म्हणून ते लपवू नका. साखरेसाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली नेणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आणखी सावध राहा. साखर उतरली की छाती धडधडते, हात कापतात, त्या खुणा ही गोळी झाकते. फक्त घाम तेवढा येत राहतो. उपवासाच्या दिवशी हे विसरू नका. मी एका आषाढी एकादशीला दुपारपर्यंत निरंकार राहिलो होतो. मला मधुमेह नसूनही नुसत्या भुकेनं थरथर इतकी वाढली की आरतीचं ताट सुनेच्या हातात द्यावं लागलं. ही गोळी एकदम बंदही करायची नाही, छातीत त्रास होऊ शकतो. गावाला जाताना पट्टी मोजून घ्या.

दुसरी गोळी प्रिमिडोन, मूळची फिट्सची. पहिल्या रात्री हिनं काही जणांना दारू प्यायल्यासारखं गरगरतं, म्हणून १२.५ किंवा २५ मिलिग्रॅमइतक्या चिमूटभर डोसनं झोपताना सुरू करतात. पहिले काही दिवस सकाळी मोटरसायकल काढू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचं काम ती बिघडवते.

टोपिरामेट नावाची तिसरी गोळी आहे, तिच्याबद्दल खान्देशातल्या माणसानं दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिनं घाम कमी येतो आणि मुतखड्याची शक्यता वाढते. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि मुतखडा आपल्याकडे तसाही अनोळखी नाही. ही गोळी चालू असताना उन्हात शेतात राबायचं असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, पाणी भरपूर प्या. गरोदरपणातही ती बाळाला घातक ठरू शकते. मान किंवा आवाज कापत असेल तर बोटॉक्सची इंजेक्शनं देतात.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. या औषधांचा साधारण निम्म्या लोकांना चांगला उपयोग होतो, आणि त्यांचीही थरथर कमी होते, जात नाही. मला आता अर्धा कप न सांडता पिता येतो. पूर्ण कप मागायचं मी सोडून दिलंय.

दारूचं सांगायलाच हवं, कारण कुणीतरी कानात सांगणारच. एक पेला पोटात गेला की पुष्कळांची थरथर खरोखर थांबते, तासा-दोन तासांसाठी. मग ती दुप्पट होऊन येते. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाची सहज मिळते, आणि 'औषध' म्हणून सुरू झालेली सवय कुठवर जाते हे मी एका नात्यातल्या माणसात पाहिलंय. वर लोक थरथरणाऱ्या हाताकडे बघून आधीच बेवडा म्हणतात. त्यांना खरं ठरवू नका.

पाचवं: चहा, जेवण, चूल

औषधाइतकाच फरक इथे पडतो.

बशी बंद. जाड बुडाचा, मोठ्या कानाचा मग घ्या, आणि "अर्धाच भरा" हे वाक्य पाठ करा. गार पेयांना स्ट्रॉ. पेला तोंडाकडे नेण्याऐवजी कोपरं बरगड्यांना चिकटवून तोंडच पेल्याकडे न्या. दोन्ही हातांनी धरा. चहा किती घ्यायचा? कॅफिननं काहींची थरथर वाढते, काहींना फरक पडत नाही. एक आठवडा सोडून स्वतःच बघा.

जेवणात आपली पद्धत आपल्या फायद्याची आहे. चमच्यानं रस्सा खाणं सगळ्यात कठीण, हातानं कालवून खाणं सगळ्यात सोपं. वरण-बट्टी चुरून घ्या, कळण्याची भाकरी शेवभाजीच्या रस्स्यात कुस्करून घ्या, भरीत तर भाकरीनंच उचलायचं असतं. रस्सा पातळ नको, कालवलेलं घट्ट असू द्या. ताट काठाचं, खाली ओलं फडकं म्हणजे सरकत नाही. हॉटेलात चमचा लागतोच, तिथे जाड दांड्याचा, वजनदार चमचा काहींना बरा पडतो. घरात करून बघायचं तर दांड्याला जुना रबरी पाइप चढवा. जास्त वजनानं हात दमतो आणि दमलेला हात अधिक थरथरतो, हे मात्र आहे.

स्वयंपाक करणाऱ्या बायांचं दुखणं वेगळं. उकळत्या दुधाचं पातेलं सांडशीनं धरून वाकवणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण. पातेलं उचलूच नका, ओगराळ्यानं काढा. दोन्ही बाजूंना कान असलेली भांडी घ्या. तळण दुसऱ्याला द्या. चिरायला विळीपेक्षा किसणी आणि हातानं ओढायचं चॉपर बरं. माझी आई भाकरी शेवटपर्यंत थापायची, पण फोडणीत मोहरी टाकणं तिनं पन्नाशीतच सुनेवर सोपवलं होतं. थापताना पूर्ण तळवा टेकलेला असतो, चिमूट मात्र अधांतरी असते. हाच नियम सगळीकडे लावा: हाताला टेकू मिळेल असं काम स्वतः करा, अधांतरी चिमटीचं काम वाटून टाका.

दाढीला वस्तऱ्याऐवजी इलेक्ट्रिक ट्रिमर. शर्टाला बटणांखाली वेल्क्रो आमच्या गावच्या शिंप्यानं हसत हसत लावून दिलं. किल्ली कुलुपात घालताना दुसऱ्या हातानं मनगट धरा.

सहावं: सही, बँक, मोबाइल

हा माझा प्रांत. खिडकीपलीकडचा माणूस अक्षराचं सौंदर्य बघत नाही, वळण बघतो. थरथरणारा माणूस जुनी सही हुबेहूब काढायला जातो, हळू काढतो, आणि तिथेच ती बिघडते. त्यापेक्षा शाखेत जाऊन नमुना सही बदलून घ्या: छोटी, दोन-तीन फटकाऱ्यांची, पटकन होणारी. जाड पेन घ्या, कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकवा, बसून सही करा.

सही अजिबातच जमेनाशी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. काउंटरवर नाही म्हणाले तर ओरडू नका, मॅनेजरसमोर बसून हेच सांगा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथले नियम संस्थेत विचारावे लागतात. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी बोटांच्या ठशांशी झुंजू नये. 'जीवन प्रमाण'मध्ये चेहरा दाखवूनही दाखला निघतो, मोबाइल भिंतीला टेकवून ठेवा.

मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये बोट किती वेळ टेकल्यावर 'दाबून धरलं' समजायचं ते वाढवता येतं. लिहिण्यापेक्षा बोलून टाइप करा, मराठी चांगलं उमटतं. हा लेखही बराचसा बोलूनच लिहिलाय.

सातवं: लोकांना सांगणं

मी दहा वर्षं लपवलं. लग्नात हात खिशात, पंगतीत "पोट बरं नाही", कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणाला रोटांचं जेवण असतं, त्याला तर चुलत भावाकडे जाणंच सोडलं. लोक बघताहेत या धास्तीनं थरथर वाढते, वाढली की लोक आणखी बघतात. हे चक्र गोळीनं पूर्ण तुटत नाही. मी एक वाक्य ठरवलं आणि बसल्या बसल्याच म्हणायला लागलो: "माझा हात थरथरतो, आईकडनं आलाय, चहा अर्धाच द्या." पहिल्यांदा म्हणताना घाम फुटला. समोरचा म्हणाला, "आमच्या मामांचाबी असाच," आणि विषय कापसाच्या भावावर गेला.

एखाद्या ठरावीक कार्यक्रमाला, भाषण किंवा कन्यादान, त्याआधी तासभर प्रोप्रॅनोलॉल घेण्याची सोय काही डॉक्टर करून देतात. विचारून बघा. आदली रात्र नीट झोपा, उपाशी जाऊ नका.

औषधानं भागलं नाही तर

मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागात बारीक तार बसवून छातीत पेसमेकरसारखं यंत्र ठेवतात, त्याला डीबीएस म्हणतात. फ्रान्समध्ये १९८७ च्या सुमारास हा मार्ग सुरू झाला. दुसरा मार्ग कवटी न उघडता अल्ट्रासाउंडच्या लहरींनी तोच भाग तापवून निकामी करण्याचा. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. दोन्ही उपचार मोठ्या शहरांत मिळतात, दोन्ही खर्चिक. ज्यांना घासही तोंडात घालता येत नाही त्यांच्यासाठी ते खरोखर आहेत, माझ्यासारख्या अर्ध्या कपवाल्यांसाठी नाहीत.

मुलाबाळांचं

घराण्यातून आलेला असेल तर प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता साधारण निम्मी असते, आणि मिळाला तरी किती त्रास देईल हे सांगता येत नाही. माझ्या मुलीचा हात पंचविशीतच हलायला लागला. तिला मी आठ महिने चुकीच्या गोळ्या खाऊ दिल्या नाहीत, आणि तिनं सासरी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं.

दर सहा महिन्यांनी तीच जिलबी काढा, तसाच कागद, तेच पेन, मनगट अधांतरी, खाली तारीख. माझ्या फाइलीत अठरा वर्षांच्या जिलब्या आहेत. गोळी बदलली की डॉक्टर आधी ती फाइल मागतात. तुमच्याकडे अजून एकही नसेल तर वहीचं पान फाडा आणि पहिली आजच काढा.